पाहुण्यांसाठी फळांचं हलकं, खारं-आंबट सॅलड

सांगलीत कुणाला जेवायला बोलावून "फळांचं सॅलड केलंय" असं सांगितलं, की निम्मे पाहुणे कस्टर्डची वाटी धरून चालतात. म्हणून आधीच सांगते, इथं दूध नाही, साखर नाही, कस्टर्ड पावडर नाही. फळं, काकडी, लिंबू, काळं मीठ, भाजलेलं जिरं, पुदिना आणि वरून मूठभर काहीतरी कुरकुरीत, एवढंच.

हे करायला सोपं आहे, बिघडायला त्याहून सोपं. बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच कारणानं: पाणी सुटतं. पाहुणे यायच्या आधी तासभर सगळं कालवून ठेवलेलं असतं, आणि वाढायला घ्यावं तर तळाशी गुलाबी पाणी, वर मलूल फोडी. खाली दिलेल्या बहुतेक सूचना या पाण्याच्याच बंदोबस्तासाठी आहेत. पहिल्यांदा माणसं बोलावणार असाल, नुकतंच घर मांडलं असेल, तर क्रमानं वाचा. सवय असेल तर थेट पायरी ७ बघितलीत तरी चालेल.

१. आधी प्रसंग बघा, मग फळं

सॅलड कशाबरोबर जाणार आहे, यावर ते तिखट हवं की नाही हे ठरतं. मटणाचं ताट असेल, तांबडा-पांढरा रस्सा असेल, तर सॅलडात मिरची अजिबात नको. रश्श्यानं पेटलेल्या तोंडाला थंड काकडी आणि द्राक्षच बरं वाटतं. पुरणपोळीचा बेत असेल तर उलट करा, हिरवी मिरची आणि लिंबू थोडं चढं ठेवा. नुसता चहा-फराळ असेल तर मधलं.

संक्रांत ते रथसप्तमी हळदी-कुंकवाचे दिवस, आणि तेव्हाच आपल्याकडे स्ट्रॉबेरी, पेरू, ओली हळद आणि हंगामातली पहिली द्राक्षं मिळतात. या सॅलडला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. फक्त बायका उभ्या-उभ्या खातात, एका घरून दुसऱ्या घरी जायच्या घाईत असतात, म्हणून फोडी लहान आणि वाढणी अर्ध्या वाटीची.

डोहाळजेवणात पपई आणि अननस आणूच नका. वैद्यकशास्त्र काय म्हणतं यावर तिथं चर्चा करण्यात अर्थ नाही. घरातल्या ज्येष्ठ बायकांना ते खटकतं आणि समारंभाचा रंग जातो.

संकष्टी किंवा एकादशी असेल तर "तुमच्याकडे उपासाला काय चालतं?" हे फोनवरच विचारून घ्या. कुणाला कोथिंबीर चालत नाही, कुणाला जिरं चालतं, कुणाकडे काकडी चालते पण साधं मीठ नाही. सैंधव घरात असू द्या म्हणजे प्रश्न मिटतो.

२. सामान (१० माणसांना, ताटात बाजूला वाढण्यापुरतं)

माणशी साधारण १२५ ते १५० ग्रॅम फोडी पुरतात. त्याहून जास्त केलंत तर उरतं, आणि उरलेलं हे सॅलड दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही.

फळं आणि भाजी:
- घट्ट पेरू ३ (शक्य असेल तर एक लाल गराचा)
- काकडी २ मध्यम
- हिरवी द्राक्षं पाव किलो, काळी त्याच्या निम्मी
- डाळिंब १ मोठं
- संत्री २
- स्ट्रॉबेरी ८-१० किंवा हिरवं सफरचंद १

ड्रेसिंगला:
- लिंबं २ रसदार
- घाण्याचं शेंगतेल २ मोठे चमचे (ऑलिव्ह ऑईल असेल तर तेही चालतं, पण मुद्दाम आणू नका)
- मध किंवा किसलेला गूळ १ लहान चमचा
- भाजून कुटलेलं जिरं १ लहान चमचा
- मिरपूड अर्धा चमचा
- काळं मीठ अर्धा चमचा, साधं मीठ चिमूटभर
- हिरवी मिरची १, बिया काढून अगदी बारीक
- पुदिन्याची १५-२० पानं, थोडी कोथिंबीर
- ओल्या हळदीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा (थंडीत)

वरून:
- भाजून सोललेले शेंगदाणे मूठभर, अर्धेमुर्धे कुटून
- बेदाणे २ मोठे चमचे
- भडंग एक वाटी, वेगळी

साधनं: धारदार स्टीलची सुरी, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट, दोन मोठी स्टीलची पातेली, चाळण, स्वच्छ सुती पंचा, झाकणाची काचेची बाटली, एक रुंद परात आणि बर्फ.

साधनांबद्दल दोन गोष्टी. लोखंडी विळीवर पेरू आणि सफरचंद चिरू नका, फोडी काळवंडतात. आणि लिंबू-मीठ लागलेलं सॅलड बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात कितीही शोभून दिसलं तरी ठेवायचं नाही. कांदा चिरलेला पाट नुसत्या पाण्यानं धुऊन फळांना वापरलात तर द्राक्षालाही कांद्याचा वास येतो. पाट वेगळाच घ्या.

३. बाजार: काय बघून घ्यायचं

दहा-बारा माणसांपुरतं असेल तर सांगलीत शिवाजी मंडई, मिरजेत लक्ष्मी मार्केट पुरे. मोठा कार्यक्रम असेल तरच घाऊक फळबाजारात जा. तिथं पेटीनं घ्यावं लागतं आणि पेटीत सगळा माल एकाच पिकाईचा असतो, म्हणजे सगळा एकाच दिवशी मऊ होतो.

द्राक्षं. या जिल्ह्यात प्रत्येकाच्या ओळखीत तासगाव, पलूस नाहीतर कवठेमहांकाळ भागात कुणाची तरी बाग असतेच, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चात ती विकत घ्यायची वेळ फारशी येत नाही. घेत असाल तर देठ बघा. देठ हिरवा म्हणजे घड ताजा, तपकिरी वाळका म्हणजे जुना. घड उचलून हलकेच झटका. मणी गळायला लागले तर पुढच्या गाड्यावर जा. मणी पिवळसर झाले की ते गोड. आपल्याला मात्र अगदी गोड नको, किंचित आंबूस चालेल, उलट बरं. थॉम्पसन आणि माणिक चमन अख्खे टाकता येतात, सोनाकाचे लांब मणी आडवे कापून अर्धे करावे लागतात. काळ्यात शरद चांगलं. मण्यावरची पांढुरकी झाक बघून "औषध मारलंय" म्हणून लोक दचकतात. ती झाक द्राक्षाची स्वतःची, नैसर्गिक मेणासारखी असते आणि ताजेपणाचीच खूण आहे. औषधाचे डाग वेगळे दिसतात, ठिपक्या-ठिपक्यांचे, ओघळल्यासारखे. धुवायची दोन्ही.

स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेलं असलं म्हणून तळातलं फळ चांगलं असेलच असं नाही. प्लॅस्टिकचा डबा उलटा करून तळ बघा. तळ ओला, लाल डागांचा असेल तर खालचा थर गेलेला आहे. देठापर्यंत लाल झालेलं फळ घ्या, खांद्याशी पांढरं असेल तर ते नुसतं आंबट लागतं. तोडल्यावर स्ट्रॉबेरी पिकत नाही. ज्या दिवशी पाहुणे त्याच दिवशी सकाळी आणा.

डाळिंब आटपाडी, जत भागातलं भगवा जातीचं मिळालं तर उत्तम. हातात जड लागलं पाहिजे, आणि बाजू थोड्या चपट्या, कोनदार हव्यात. चेंडूसारखं गोल गरगरीत डाळिंब दिसायला देखणं असतं, पण कोनदार फळात दाणे जास्त भरलेले असतात.

बेदाणा सांगलीत काय, पैशाला पासरी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये मानांकन मिळालेलं आहे. हिरवट-सोनेरी बेदाणा दिसायला सुंदर, पण तो रंग टिकावा म्हणून बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते. कोमट पाण्यात दोनदा धुवा, मग दहा मिनिटं लिंबाच्या रसात भिजत ठेवा. टम्म फुगतो आणि गोड-आंबट होतो. सॅलडातला माझा सगळ्यात आवडता घास तोच.

पेरू दाबून बघताना अंगठा रुतला तर तो खायला छान, सॅलडला नको. काकडीचं एवढंच: घरी आणल्यावर दोन्ही टोकांची चकती चाखून बघा. एक कडू काकडी सगळं पातेलं बिघडवते.

काय आणायचं नाही तेही सांगते. केळं, चिकू, सीताफळ, पिकलेली पपई. ही चारही फळं मीठ-लिंबात गिळगिळीत होतात.

४. धुणं, आणि त्याहून महत्त्वाचं वाळवणं

द्राक्षांचे मणी घडातून ओढून काढू नका. ओढले की देठाजवळ भोक पडतं आणि पाणी आत जातं. कात्रीनं देठाचा इवलासा तुकडा ठेवून कापा. एक लिटर पाण्यात लहान चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग दोन पाण्यांतून काढा. देठाचा तुकडा वाळल्यावर खुडायचा.

स्ट्रॉबेरी भिजत घालायची नाही. वरची हिरवी टोपी तशीच ठेवून नळाच्या बारीक धारेखाली धुवा, मग टोपी काढा. आधी टोपी काढून धुतली तर फळ पाणी पितं.

आता पंचा पसरा आणि पंख्याखाली सगळं एका थरात मांडा. पुदिनासुद्धा. ही पायरी सगळे वगळतात. ओल्या द्राक्षावर ड्रेसिंग टिकत नाही, घसरून तळाला जातं आणि मग "मसाला लागलाच नाही" म्हणून आपण वरून आणखी मीठ घालतो. तिथून पुढे सगळं बिघडतच जातं.

५. कापणं

फोड एवढी हवी की चमच्यात तीन वेगवेगळ्या फोडी एकदम याव्यात. साधारण दोन सेंटिमीटर. कोशिंबिरीसारखं बारीक चिरलंत तर दहा मिनिटांत पाणी.

पेरूचे चार भाग करा, मधला बियांचा गर चमच्यानं खरवडून काढा. तो टाकू नका, गाळून त्याचं सरबत होतं. पाहुण्यांत कवळी लावणारे आजी-आजोबा असतील तर ही पायरी सक्तीची समजा.

काकडी उभी चिरून बियांची मधली पन्हळ चमच्यानं ओढून काढा. काकडीतलं बरंच पाणी त्या बियांच्या गरातून सुटतं.

डाळिंबाचं डोकं आडवं कापा, पांढऱ्या रेषांवरून सालीला उभ्या चिरा द्या आणि पाण्यानं भरलेल्या पातेल्यात बुडवून हातानं उकला. दाणे तळाला बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो, तो निथळून टाकायचा. भिंतीवर आणि साडीवर डाग पडत नाहीत. हे आदल्या रात्री करून ठेवता येतं. दाणे मात्र पंचावर कोरडे करून डब्यात भरा.

संत्र्याच्या फोडींवरची पातळ साल काढायला वेळ लागतो, पण काढाच. काम एखाद्या हौशी मुलाकडे द्या आणि तो निम्म्या खाईल हे धरून एक संत्रं जास्त घ्या. संत्र्याऐवजी मोसंबी घेतलीत तर ती अगदी शेवटी सोला, कापून ठेवलेली मोसंबी कडवट होते.

सफरचंद काळं पडू नये म्हणून लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात पाच-दहा मिनिटं फोडी ठेवा आणि निथळून पुसा.

६. ड्रेसिंग

जिरं आधी. कोरड्या तव्यावर मंद आचेवर, रंग एक छटा गडद होऊन खमंग वास सुटेपर्यंत. काळं झालं की कडू. खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमधली पूड फळांवर मातीसारखी चिकटते.

काचेच्या बाटलीत लिंबाचा रस, तेल, मध, जिरं, मिरपूड, मिरची आणि किसलेली ओली हळद घाला. मीठ अजून नाही. झाकण लावून जोरात हलवा, घट्टसर पिवळं मिश्रण होतं. ओली हळद बोटाच्या पेराहून जास्त नको, नाहीतर सॅलडाला काढ्याची चव येते. हात आणि पंचा पिवळे होणार हे गृहीत धरा.

चव बघताना पेरूची एक फोड बाटलीत बुडवून खा. नुसतं ड्रेसिंग चमच्यानं चाखलं तर ते फार आंबट वाटतं आणि आपण मध वाढवत बसतो. फोडीबरोबर ते बरोबर लागलं पाहिजे.

चाट मसाला मी घालत नाही. त्यात आमचूर, काळं मीठ, हिंग सगळं असतं, त्यामुळे काहीही घाला, शेवटी चव गाड्यावरच्या फ्रूट प्लेटचीच येते. तुम्हाला आवडत असेल तर घाला, पण मग काळं मीठ निम्मं करा.

कुणी फोडणी सुचवेल. मोहरी-हिंगाची फोडणी खरंच छान लागते, फक्त ती पूर्ण गार होऊ द्या. गरम तेलानं स्ट्रॉबेरी शिजते. दही किंवा चक्का घालायचा असेल तर अननस आणि कच्ची किवी दूर ठेवा, त्यांतल्या विकरांनी दही काही वेळात कडू होतं. शिवाय फळं आणि दही एकत्र न खाणारी वडीलधारी मंडळी बऱ्याच घरांत असतात. त्यांच्यासाठी बिनदह्याचं वेगळं काढून ठेवा.

७. कालवणं आणि मीठ

फळाच्या फोडीला मीठ लागलं की मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं. साखरही तेच करते, थोडं कमी जोरानं. पंधरा-वीस मिनिटांत काकडी सैल पडते, संत्रं आक्रसतं. यावर उपाय नाही, फक्त वेळ साधता येते. म्हणून असं करा:

आदल्या रात्री: जिरं, शेंगदाणे भाजून ठेवणं, डाळिंबाचे दाणे काढणं, द्राक्षं धुऊन-वाळवून फ्रीजमध्ये ठेवणं.

पाहुणे यायच्या दीड तास आधी: पेरू, काकडी, संत्री कापून वेगवेगळ्या डब्यांत, फ्रीजमध्ये. एकत्र नाही.

अर्धा तास आधी: स्ट्रॉबेरी आणि डाळिंब सोडून सगळं मोठ्या पातेल्यात घ्या, ड्रेसिंग ओता आणि हातानं, खालून वर, हलकेच परतवा. चमच्यानं ढवळलं तर पेरूच्या कडा मोडतात. तेलाचा पातळ थर फोडींना बसतो, त्यानं पाणी सुटायला थोडा उशीर होतो. झाकून परत फ्रीजमध्ये.

ताटं वाढायला घेतली की: पातेलं बाहेर काढा. तळाशी रस साठला असेल तर तो एका वाटीत ओतून घ्या. स्ट्रॉबेरी, डाळिंब, बेदाणे, हातानं तोडलेला पुदिना घाला. डाळिंब आणि स्ट्रॉबेरी आधी घातली की सगळं सॅलड एकाच गुलाबी रंगाचं दिसतं. मग काळं मीठ आणि साधं मीठ उंचावरून भुरभुरा, दोनदा परतवा आणि लगेच वाढा.

मीठ कमीच घाला. ताटात भाजी आहे, लोणचं आहे, पापड आहे, आणि भडंग अजून यायचाच आहे.

८. मांडणी आणि भडंग

परातीत बर्फाचा चुरा पसरा, त्यावर काचेचं किंवा स्टीलचं वाडगं ठेवा. एप्रिलच्या सांगलीत हे नटणं-मुरडणं नव्हे, गरज आहे. कापलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि कडक उन्हाळ्यात तासभरच. पंगत लांबणार असेल तर निम्मं सॅलड बिनमिठाचं फ्रीजमध्येच राहू द्या आणि दुसऱ्या फळीला ताजं कालवा.

द्रोणात वाढणार असाल तर दुहेरी द्रोण घ्या. एकेरी द्रोण लिंबाच्या रसानं झिरपतो आणि नेमका कुणाच्या तरी पैठणीवर.

भडंग सॅलडात मिसळायचा नाही. शेजारी वाटीत ठेवायचा, चिमणीएवढा चमचा त्यात खुपसून, आणि ज्यानं त्यानं आपल्या वाटीवर खाण्याच्या वेळी घालून घ्यायचा. लसूण, तिखट, कढीपत्ता लागलेला तो चुरमुरा थंड द्राक्षाबरोबर दाताखाली येतो तेव्हा बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, हे काय घातलंय. दोन-तीन मिनिटं कुरकुरीत राहतो, नंतर रबर. लहान मुलांसाठी नुसते शेंगदाण्याचे तुकडे.

९. हंगाम बदलला तर

उन्हाळ्यात कलिंगड, खरबूज, काकडी आणि कैरीचे बारीक तुकडे, वर पनीरचे चौकोन. कैरी असेल तर लिंबू निम्मं. कलिंगडाला सगळ्यात जास्त पाणी सुटतं, म्हणून फोडी मोठ्या आणि मीठ ज्याच्या त्याच्या वाटीत. कलिंगडात संत्रं घालू नका, दोन्ही रसाळ, चावायला काही उरत नाही.

पावसाळ्यात नाशपाती, डाळिंब, काकडी, आणि ऑगस्टनंतर नवीन सफरचंद. भाद्रपदाच्या सुमारास ओल्या भुईमुगाच्या शेंगा येतात, त्या मिठात उकडून दाणे सॅलडात घाला. भाजलेल्या दाण्यांची सर नाही असं म्हणणाऱ्यांना एकदा वाढून बघा. पुदिना या दिवसांत चिखलाचा असतो, तीन पाण्यांतून काढा.

दिवाळीनंतर पुन्हा पेरू-संत्र्यांकडे वळा; स्ट्रॉबेरी थोडी थांबून.

पातेल्याच्या तळातून ओतून घेतलेला रस फेकू नका. गाळून, थंड सोड्यात घालून प्या; आंबट-खारट, पुदिन्याच्या वासाचा हा रस भांडी आवरताना छान लागतो. आणि सॅलड उरलंच तर रात्री झाकून ठेवण्यापेक्षा जाणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांना दारातच संपवायला द्या.